शंभर गुणांचे मांजर

१३ जुलै १८७१ रोजी सकाळी लंडनच्या लडगेट हिल स्थानकावर सत्तेचाळीस वर्षांच्या एका चित्रकाराने क्रिस्टल पॅलेसचे तिकीट काढले आणि पहिल्या वर्गाच्या मऊ गादीवर तो एकटाच जाऊन बसला. गाडी सुटली, आणि त्याच्या मनात प्रश्नांची रांग लागली. मांजरे येतील तरी किती? आलेली पिंजऱ्यात गप्प बसतील, की सुटकेसाठी ओरडून सारा महाल डोक्यावर घेतील? दुधाला तोंड लावतील, की रुसून कोपऱ्यात बसतील? आणि लोक? लोक पाहायला येतील, की हसायला?

ही धाकधूक त्याने पुढे १८८९ साली मांजरांवरील आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवली. या गृहस्थाचे नाव हॅरिसन वियर. मांजरांचे पहिले मोठे, वर्गवारी आणि गुणांचे तक्ते ठरवून भरवलेले प्रदर्शन या माणसाच्या डोक्यातून निघाले. आज लंडन-न्यूयॉर्कपासून तो मुंबई-बंगळूरपर्यंत जिथे म्हणून मांजराच्या पिंजऱ्यावर बक्षिसाचे कार्ड लटकते, तिथे त्या कार्डाचा उगम शोधत गेले तर आपण या आगगाडीच्या डब्याशी येऊन पोहोचतो. मात्र हे झाड ज्याने लावले त्याला त्याची फळे गोड लागली नाहीत. असे का व्हावे, याचा विचार मी बरेच दिवस करीत आलो आहे.

जनावराची पारख करून बक्षीस देणे ही रीत आपल्याला काही नवी नाही. खिलार बैलांच्या बाजारात एखादा जाणता शेतकरी बैलाभोवती कसा फेरी घालतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला परीक्षा म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. शिंगांची ठेवण, वशिंडाचा उभार, खुरांचा रंग, शेपटीचा गोंडा आणि शेवटी ओठ वर करून पाहिलेले दात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांना तर या गोष्टीचे वेडच लागले होते. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे भरले. कबुतरे, ससे, पिंजऱ्यातले पक्षी, सगळ्यांना त्यांचा त्यांचा मांडव मिळाला. राहिले ते फक्त मांजर.

ते का राहिले, याचे एक कारण चार्ल्स डार्विनने १८५९ सालीच सांगून ठेवले होते. मांजर रात्री भटकते, त्यामुळे त्याची जोडी माणसाच्या मर्जीप्रमाणे लावता येत नाही, आणि म्हणून बायकामुलांचे एवढे लाडके असूनही त्याच्या वेगळ्या जाती फारशा टिकून राहत नाहीत, असे त्याचे निरीक्षण होते. कबुतराला खुराड्यात कोंडता येते, कुत्र्याला साखळी घालता येते. बोक्याला कौलांवरून खाली कोण आणणार?

दुसरे कारण डार्विनच्या कक्षेबाहेरचे होते. मांजराला पतच नव्हती. ते उंदीर मारण्याचे साधन होते, आणि साधनाची कोणी वंशावळ मांडत नाही. लंडनच्या गल्ल्यांतून घोड्याचे मांस काड्यांना टोचून घरोघर मांजरांसाठी विकणारे फेरीवाले फिरत. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांवरील आपल्या ग्रंथात त्यांच्या धंद्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. म्हणजे मांजरे पोटाला अगदीच मुकत नव्हती. पण त्यांच्यावर दगड मारणे, कुत्री सोडणे, शेपटीला काहीबाही बांधणे हा पोरांचा राजमान्य खेळ होता. आपण या बाबतीत फार शेखी मिरवू नये हे बरे. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे आपल्या आज्या सांगत. पण ते पाप मारण्यापुरतेच होते. केरसुणीच्या फटक्याला कोणत्याही स्मृतीत प्रायश्चित्त सांगितलेले नाही, आणि आडवे गेल्याचा ठपका तर त्या मुक्या जिवावर आजही बसतो.

वियर हा ससेक्स परगण्यातील लुईस गावचा. लहानपणीच जॉर्ज बॅक्स्टर या रंगीत छपाईच्या कारागिराकडे उमेदवारीला लागला, आणि तिथून हळूहळू पशुपक्ष्यांचा चित्रकार म्हणून नावारूपाला आला. सचित्र साप्ताहिकांतून आणि मुलांच्या पुस्तकांतून त्याची चित्रे घरोघर गेली होती. कोंबड्या आणि कबुतरे तो स्वतः पाळी, प्रदर्शनांतून त्यांची परीक्षाही करी. असा माणूस चुलीपाशी झोपलेल्या मांजराकडे बघत बसला, तर त्याला त्यात इतरांना न दिसणारे काही दिसणारच. पाठीवरचे पट्टे एखाद्याचे कसे रेखीव आणि एखाद्याचे कसे पुसट असतात. काळ्या मांजराचे डोळे पिवळे असले तर केवढी शोभा येते. कबऱ्या मांजराच्या अंगावरचे तांबडे आणि काळे ठिपके नीट वेगळे असले तर ते किती खुलून दिसते! हे लोकांना एकदा दाखवले तर लोक मांजराला लाथ मारणार नाहीत, असे त्याला वाटले. किती भाबडा विचार, असे कोणी म्हणेल. पण पुष्कळशा सुधारणा अशाच भाबड्या विचारांतून झालेल्या आहेत.

क्रिस्टल पॅलेसच्या प्राणिविभागाचे काम विल्सन नावाचे गृहस्थ पाहत. वियरने त्यांच्यापुढे कल्पना मांडली, त्यांनी ती उचलून धरली, आणि मग योजना आखण्याचे सारे काम वियरवर येऊन पडले. कोणकोणते वर्ग ठेवायचे, बक्षिसे किती, आणि सर्वांत अवघड म्हणजे परीक्षा कशावर करायची, हे सारे नव्याने ठरवायचे होते. कारण त्या दिवसापर्यंत चांगले मांजर म्हणजे काय, याची व्याख्याच कोणी केलेली नव्हती. वियरने ती केली. डोके, डोळे, केस, रंग, पट्ट्यांची किंवा ठिपक्यांची आखणी, अंगलट, शेपूट अशा एकेका अंगाला त्याने गुण वाटून दिले. त्या सर्वांची बेरीज शंभर. चित्रकाराचाच तो तक्ता. त्यात रंगाला आणि आखणीला मोठा वाटा मिळाला यात नवल नाही. आपल्या भाषेत ‘गुण’ या एकाच शब्दाने परीक्षेतले मार्कही मोजतात आणि माणसाची लायकीही. वियरला इंग्रजीत ही सोय नव्हती, तरी त्याच्या मनात दोन्ही अर्थ होते असे मला नेहमी वाटत आले आहे.

क्रिस्टल पॅलेस म्हणजे १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभारलेला लोखंड-काचेचा तो प्रचंड महाल. आपला कोहिनूर लंडनकरांनी गर्दी करून पाहिला तो त्यातच. प्रदर्शन संपल्यावर तो सोडवून सिडनहॅमच्या टेकडीवर नेण्यात आला आणि १८५४ साली तिथे पुन्हा उभा राहिला. ज्या छपराखाली कोहिनूर झळकला होता, त्याच छपराखाली वीस वर्षांनी मांजरांची रांग मांडली गेली. वियर धडधडत्या काळजाने आत शिरला, तो समोर काय? किरमिजी रंगाच्या गाद्यांवर मांजरे निवांत पसरलेली! रडारड नाही, आदळआपट नाही. कोणी दूध पीत आहे, कोणी डोळे मिटून गुरगुरत आहे. सुमारे १७० मांजरे त्या दिवशी मांडली गेली होती.

परीक्षक तिघे. एक स्वतः वियर. दुसरा त्याचा भाऊ जॉन जेनर वियर. हा हौशी निसर्गशास्त्रज्ञ होता आणि सुरवंट-पक्षी यांबद्दल डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. तिसरे रेव्हरंड मॅकडोना, हे धर्मोपदेशक खरे, पण प्रसिद्धी सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्यांबद्दल. एक चित्रकार, एक डार्विनचा पत्रमित्र आणि एक कुत्रेवाला पाद्री, असे हे न्यायमंडळ! आणखी गंमत म्हणजे बक्षीस मिळवणाऱ्यांत वियरच्याच घरची चौदा वर्षांची पट्टेरी भाटी होती. तिचे नावच मुळी ‘म्हातारबाई’ अशा अर्थाचे होते. पंचाच्या घरचे मांजर पहिले यावे, हे आजच्या नियमांत कोणी खपवून घेणार नाही. पण त्या काळी तरी म्हातारबाईंवर कोणी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही.

सदरलंडच्या ड्यूकने स्कॉटलंडातून एक रानमांजर धाडले होते. ते मात्र गादी-दुधाला भुलले नाही. त्याचा थयथयाट वर्तमानपत्रांनी चवीने छापला. सयाम देशाची मांजरेही होती. फिकट पिवळसर अंग, कान, तोंड, पाय आणि शेपूट तेवढे काळपट, डोळे निळे. आज ज्या जातीला लोक खानदानी म्हणतात, तिच्याबद्दल एका बातमीदाराने लिहिले की दुःस्वप्नात दिसावे तसले हे अनैसर्गिक जनावर आहे! या मांजराचा रंग थंडीवर अवलंबून असतो हे पुढे विज्ञानाने दाखवले. पिले पांढरीच जन्मतात. मग शरीराचे जे भाग थंड राहतात, तेवढेच गडद होत जातात. बिचाऱ्या बातमीदाराला हे ठाऊक असते, तर त्याने बहुधा अधिकच घाबरून लिहिले असते.

आणि होती लांब केसांची ‘पर्शियन’ मांजरे. या नावाची कथा आपल्या दृष्टीने मोठी मनोरंजक आहे, कारण तिच्यात एक ओळखीचे नाव भेटते. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८ साली काबूलच्या राजाकडे वकिलात घेऊन गेला होता. त्या मुलखाविषयीचा त्याचा ग्रंथ १८१५ साली छापून निघाला, तेव्हा स्वारी पुण्यातच होती. अफगाणांचे घोडे, फळे, टोळ्या, कायदे यांच्या गर्दीत एल्फिन्स्टनला मांजरांचीही दखल घ्यावीशी वाटली. तो सांगतो की लांब केसांची मांजरे काबूलकडून मोठ्या संख्येने बाहेर जातात आणि सगळीकडे त्यांना इराणी म्हणतात. पण खुद्द इराणात ती फारशी नाहीत आणि तिथून बाहेर तर जवळजवळ जातच नाहीत. म्हणजे ‘पर्शियन’ हे नाव बाजाराने दिलेले! आपल्याकडे काबुली चण्याचे जे झाले, त्याचाच हा भाऊबंद. नंतर १८७१ पासून इंग्रजांनी या मांजरांची आपसांत आणि इतरांशी इतकी सरमिसळ केली की २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आजच्या पर्शियन मांजरांचे नाते मध्यपूर्वेतल्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या रस्त्यावरच्या मांजरांशीच अधिक जवळचे निघाले. हजार पौंडांची वंशावळ घेऊन मिरवणाऱ्या बेगमेचे माहेर असे शेवटी शेजारच्या गल्लीत सापडावे, यात मला तरी एक सूक्ष्म न्याय दिसतो.

प्रदर्शन गाजले. त्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसमध्ये दुसरे भरले, आणि मग इतर शहरांनीही तो कित्ता गिरवला. मांजराचा तिटकारा असलेल्या आपल्या एका मित्राची गोष्ट वियरने सांगितली आहे. हा मित्र आधी प्रदर्शनाच्या नावाने हसला, मग पाहून आला, आणि काही महिन्यांनी वियर त्याच्या घरी गेला तेव्हा तिथे मांजरांचाच मुक्काम पडलेला होता. एका माणसाचे मन पालटले हे काही थोडे नव्हे. वियरने मजुरांच्या मांजरांसाठीही वेगळा वर्ग ठेवून घेतला होता, त्याचा त्याला फार अभिमान. कारखान्यातल्या माणसाने आपल्या चुलीपाशचे मांजर धुऊनपुसून टोपलीत घालून आणावे आणि ते सरदारांच्या मांजराशेजारी मांडले जावे, यातच त्याच्या साऱ्या खटाटोपाचे सार होते.

पण गर्दीबरोबर रोगही आले. शेकडो घरांतली मांजरे एका छपराखाली आणायची, शेजारीशेजारी कोंडायची, परीक्षकाने एकाला हाताळून तोच हात दुसऱ्याला लावायचा. मग काय होणार? बँकॉकमधील ब्रिटिश वकिलाने १८८४ साली सयामी मांजरांची एक जोडी बहिणीसाठी इंग्लंडला पाठवली. तिची पिले १८८५ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, लोकांनी डोक्यावर घेतली, आणि लवकरच ती मरून गेली. बक्षीस घेऊन आलेले मांजर आठवड्याभरात दगावणे ही त्या काळच्या हौशी लोकांना परिचित गोष्ट होती. मांजरांच्या त्या भयंकर साथीचा विषाणू ओळखला जायला १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला आणि लस त्याही मागाहून आली. आज प्रदर्शनाच्या दारातच पशुवैद्य प्रत्येक मांजराचे कान, डोळे, तोंड तपासतो आणि लसीचा दाखला पाहिल्याशिवाय आत सोडत नाही. त्या नियमामागे अशा कितीतरी पिलांचे मरण आहे.

१८८७ साली ‘नॅशनल कॅट क्लब’ स्थापन झाला आणि वियर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. वंशावळींची नोंदवही सुरू झाली, पदके आली, सभासदांच्या याद्यांत बड्या घरच्या बायकांची नावे झळकू लागली. आणि इथेच वियरचे बिनसले. काही वर्षांतच त्याने अध्यक्षपद सोडले, आणि पुस्तकाच्या १८९२ च्या आवृत्तीत त्याचे कारणही आडपडदा न ठेवता सांगितले. बहुतेक सभासदांना मांजराचे भले करण्यापेक्षा बक्षिसे जिंकण्यातच रस आहे. त्यातही क्लबची पदके अशी, की प्रदर्शन सगळ्यांसाठी खुले असले तरी त्या पदकांसाठी बाहेरच्या माणसाला चढाओढ करताच येत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याच्यामागून अध्यक्ष झाला तो लुई वेन. हाही चित्रकारच, चहा पिणारी, पत्ते खेळणारी मांजरे काढून त्याने सारे इंग्लंड हसवले, आणि अखेरची वर्षे मनोरुग्णालयांत काढून १९३९ साली तो वारला. मांजरांच्या या दरबारात चित्रकारांना अध्यक्षपद काही मानवले नाही.

वियरने केंट परगण्यात मॅटफील्ड येथे आपल्यासाठी एक घर बांधले होते. आपल्या नावावरून त्याने त्याला ‘वियरली’ असे नाव दिले. पुढे हे घर ससून घराण्यातल्या एका जोडप्याकडे गेले. ससून म्हणजे आपलेच. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या डेव्हिड ससून यांचा पणतू, इंग्रजी युद्धकवी सीगफ्रीड ससून, १८८६ साली याच घरात जन्मला. पुण्यात असताना कितीदा त्या रुग्णालयाच्या दगडी इमारतीवरून गेलो असेन. ससून या नावाचा आणि मांजरांच्या पहिल्या प्रदर्शनाचा असा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणी सांगते तर मी त्याला वेड्यात काढले असते. असो.

इंग्लंडातले लोण मग अमेरिकेत गेले. मे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रदर्शन भरले. भरवणारा हाइड नावाचा इंग्रजच. तिथे सर्वश्रेष्ठ ठरली ती कोझी नावाची तपकिरी पट्टेरी मांजरी. ती मेन संस्थानच्या शेतांवर, कोठारांत उंदीर मारून वाढलेल्या धिप्पाड मांजरांच्या जातीची. तिला चांदीचा गळपट्टा मिळाला. वियर त्या वेळी हयात होता. ही बातमी त्याच्या कानी गेली असेल तर त्याला बरे वाटले असेल, असे मी आपले मनाशी धरून चालतो.

आता मांजर प्रदर्शनासाठी तयार कसे करतात ते सांगायला हवे, कारण नुसत्या सनावळीवरून या छंदाची कल्पना यायची नाही. १९९० च्या सुमारास मी दोन वर्षे इंग्लंडात होतो. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, विधवा, बोलायला फटकळ. आणि त्यांच्या घरची खरी मालकीण म्हणजे निळसर राखी रंगाची एक पर्शियन भाटी. प्रदर्शनाला महिना उरला की घरात लगीनघाई सुरू होई. आठवड्यापूर्वी कोमट पाण्याने आंघोळ. मग मुलतानी माती! होय, आपल्या आजीच्या फडताळातली मुलतानी माती. ती केसांत मुळापर्यंत चोळायची, म्हणजे तेलकटपणा जातो आणि प्रत्येक केस सुटा उभा राहतो. आखूड केसांच्या मांजरांना तव्यावर गरम केलेला गव्हाचा कोंडा चोळतात, असेही बाईंनी मला सांगितले. त्यानंतर विंचरणे, रोज तासभर. पण प्रदर्शनाच्या दिवशी पावडरीचा कण जरी केसांत सापडला तरी मांजर बाद. म्हणजे सारा शृंगार करायचा आणि त्याचा मागमूस ठेवायचा नाही.

या सगळ्यापेक्षा मला अवघड वाटे ते डोळे पुसणे. त्या मांजरीचे नाक इतके चपटे होते की डोळ्यांतले पाणी नाकात उतरायची वाटच वाकडी झालेली. ते गालांवर ओघळे आणि केसांवर तपकिरी डाग पाडी. बाई दिवसातून तीनदा ओल्या कापसाने ते टिपत. रात्री माझ्या खोलीपर्यंत तिचे घोरणे ऐकू येई.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे चारला आम्ही निघालो. बरोबर पांढरी घोंगडी, पाण्याचे पांढरे भांडे, मातीचे पांढरे तबक. सगळे पांढरे, बिनखुणेचे. परीक्षकाला कोणाचे मांजर ते कळू नये म्हणून. मांजराच्या गळ्यात पांढऱ्या फितीने बांधलेला एक आकडा, तेवढीच त्याची ओळख. दारात पशुवैद्याची रांग. मग पिंजरे लावून झाले, आणि घोषणा झाली की मालकांनी आता सभागृहाबाहेर जावे. शेकडो माणसे निमूटपणे बाहेर पडली. आत परीक्षक आणि त्यांचे मदतनीस एक ढकलगाडी घेऊन पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत फिरत राहिले. मांजर काढायचे, गाडीवर ठेवायचे, पाहायचे, लिहायचे, हात जंतुनाशकाने धुवायचे आणि पुढे जायचे. बाहेर बाई थरमॉसमधला चहा पीत बसल्या होत्या. माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी आमच्या आईचा चेहरा असाच झाला होता.

दुपारी दार उघडले तेव्हा पिंजऱ्यावर दुसऱ्या क्रमांकाचे कार्ड होते. बाई खूश झाल्या. काही आठवड्यांनी मांजरवाल्यांच्या नियतकालिकात परीक्षकाचा लेखी अभिप्राय छापून आला. केस उत्तम, डोळ्यांचा रंग गडद, अंगलट भरीव. नाक मात्र आणखी थोडे आखूड असते तर बरे होते. बाईंनी चष्मा काढला आणि मांजरीकडे पाहिले. ती खिडकीत बसून तोंडाने श्वास घेत होती.

“आणखी आखूड?” त्या म्हणाल्या, “मग श्वास कशाने घेणार ही? कानांनी?”

त्यानंतर त्या प्रदर्शनांना जात राहिल्या, पण त्या मांजरीला घेऊन नाही.

वियरच्या पुस्तकातली पर्शियन मांजरांची चित्रे मी नंतर काढून पाहिली. त्यांना नाक आहे. चांगले, सरळ, मांजराचे नाक. शंभर वर्षांत ते कुठे गेले? एखाद्या परीक्षकाला जरा गोल चेहरा आवडला, त्याने त्याला पहिले केले. पुढच्या वर्षी सगळ्यांनी त्या बोक्याची पिले मिळवली. त्यांत जे सर्वांत गोल ते पहिले आले. आणि अशी ही नसरणी दर पिढीला थोडी थोडी खाली घसरत गेली. कोणीही दुष्टपणा केला नाही. प्रत्येकाने तक्त्यात लिहिले होते तेच पाहिले. तक्त्यात डोक्याला गुण होते, डोळ्यांना होते, केसांना होते. श्वासाला गुण ठेवावेत, हे वियरला सुचले नाही, कारण मांजर श्वास घेते हे त्याने गृहीत धरले होते.

ब्रिटनमधील मांजरांच्या सर्व क्लबांची मध्यवर्ती संस्था १९१० साली स्थापन झाली. तिच्या पर्शियन जातीच्या नियमांत आता एक कलम आहे: नाकाच्या काळ्या भागाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर असेल, तर त्या मांजराला बक्षीस द्यायचे नाही. जर्मनीत तर जनावराला यातना होतील अशी पैदास करण्यावर प्राणिसंरक्षण कायद्यानेच बंदी आहे. नियम उशिरा आले, पण आले. आपल्याकडे मुंबईच्या दमट हवेत, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हौसेने चपट्या नाकाची पर्शियन पिले आणणाऱ्यांनी ते कलम एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून खाक झाला. वियर त्याच्या तीस वर्षे आधी, १९०६ साली वारला. त्याच्या मजुरांच्या वर्गाचा वारसा मात्र अजून चालू आहे. इंग्लंडातल्या प्रदर्शनांत वंशावळ नसलेल्या घरगुती मांजरांचा एक वेगळा विभाग असतो. तिथे जातीचा तक्ता लागू होत नाही. तब्येत, स्वच्छता आणि माणसाळूपणा पाहतात. त्यातला एक वर्ग मला फार आवडला: परीक्षकाला जे मांजर सर्वांत जास्त घरी न्यावेसे वाटेल, त्याला बक्षीस. बाईंच्या बरोबर गेलो होतो त्या दिवशी ते बक्षीस एका पट्टेरी बोक्याला मिळाले. त्याचा डावा कान भांडणात फाटलेला होता. त्याचा मालक बस चालवणारा; सुट्टी मिळाली नव्हती म्हणून गणवेशातच आला होता आणि तीन वाजता कामावर जायचे असल्याने निकालाचे कार्ड खिशात घालून, बोक्याला टोपलीत भरून, घाईघाईने निघून गेला.